तळ्यातील लहान शिंगटी आणि आहारातील खनिजे

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांत धानाची शेती आणि तलाव यांची सांगड फार जुनी आहे. गोंड राजांच्या काळी कोहळी समाजातील जाणत्या लोकांनी बांधलेले तलाव आजही धानाच्या बांध्यांना पाणी पुरवितात. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली, तरी ‘मालगुजारी तलाव’ हे त्यांचे नाव लोकांच्या तोंडी कायम राहिले. या तलावांतून, गावाजवळच्या बोड्यांतून आणि पावसाळ्यात पाणी साचलेल्या बांध्यांतून धानाबरोबर मासळीचेही पीक दरसाल निघते. त्यातील रोहू, कटला, मृगळ हे मोठे मासे बाजारात जातात व त्यांचे पैसे होतात. त्यांच्यासोबत जाळ्यात येणारी बोटभर लांबीची, मिशांची व काटेरी मासळी मात्र किरकोळ म्हणून बाजूला टाकली जाते. कोणी ती स्वस्तात विकतो, कोणी घरी कालवणाला नेतो, तर कोणी तळे तयार करताना ती समूळ मारून टाकतो.

पैशाच्या हिशेबाने ही मासळी किरकोळ असेल. आहाराच्या हिशेबाने ती तशी नाही. शरीराला लागणारी काही खनिज द्रव्ये या लहान मासळीत मोठ्या माशाच्या तुकड्यापेक्षा कितीतरी अधिक असतात. परंतु त्यांचा फार मोठा भाग काट्यांत व डोक्यात असतो, आणि नेमका तोच भाग पुष्कळ घरांत उकिरड्यावर जातो. ही गोष्ट शेतकरी कुटुंबांनी व गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घेण्यासारखी आहे.

हे मासे कोणते?

मिशा असलेल्या व अंगावर खवले नसलेल्या गोड्या पाण्यातील माशांचे कुटुंब मोठे आहे. शिवड्यासारखे त्यातील काही मासे हातभराहून लांब वाढतात व इतर मासे खातात. प्रस्तुत लेखात त्यांचा विचार केलेला नाही. येथे लहान जातींचाच विचार करावयाचा आहे.

त्यांपैकी पहिली शिंगटी. शास्त्रज्ञ हिच्या वर्गाला मिस्टस म्हणतात. हिच्या पाठीवरील व गळ्याजवळील परांच्या आरंभी एकेक कठीण काटा असतो. बंगालमध्ये या जातीच्या माशाला टेंगरा म्हणतात व तेथे त्याला मोठी मागणी आहे. दुसरी शिंगी. हिचे अंग काळपट तांबूस व चपटे असते, डोके दबलेले असते आणि गळ्याजवळच्या काट्यांत विष असते. तिसरा देशी मागूर. त्याच्या पाठीवरील पर लांबलचक असतो. या माशांची नावे गावोगाव बदलतात. म्हणून नावापेक्षा अंगलक्षणांवरून ओळख पटविणे अधिक चांगले.

शिंगी व मागूर यांच्या अंगी एक विशेष गुण आहे. पाण्यातील प्राणवायूबरोबरच हवेतील प्राणवायूही ते घेऊ शकतात. त्यासाठी मागुराच्या कल्ल्यांच्या वर झाडाच्या फांद्यांसारखे एक इंद्रिय असते, तर शिंगीच्या अंगात हवेच्या दोन लांब पिशव्या असतात. त्यामुळे गढूळ, साचलेल्या, उथळ पाण्यातही हे मासे तग धरतात, आणि घरी थोड्या पाण्याच्या घागरीत दोनचार दिवस जिवंत ठेवता येतात. जेथे बर्फ मिळत नाही अशा गावात ताजी मासळी हवी तेव्हा हाताशी असणे ही लहान सोय नव्हे.

खनिजांची उणीव

हाडे व दात घडण्यासाठी शरीराला कॅल्शियम व स्फुरद लागतात. रक्ताला तांबडा रंग देणारे व प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य लोहावाचून तयार होत नाही. मुलांच्या वाढीसाठी, जखम भरून येण्यासाठी व रोगांशी झुंजण्यासाठी जस्त आवश्यक असते. ही द्रव्ये शरीर स्वतः निर्माण करू शकत नाही. ती अन्नातूनच मिळवावी लागतात.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली ठरविलेल्या प्रमाणानुसार प्रौढ माणसाला रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. अंगावर पाजणाऱ्या मातेची गरज १,२०० मिलिग्रॅमपर्यंत जाते. प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह हवे. भात, वरण व थोडीशी भाजी एवढ्यावर दिवस काढणाऱ्या घरात यांपैकी कोणतेही प्रमाण सहसा पुरे होत नाही. त्याचा परिणाम डोळ्यांसमोर आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रियांत, आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी सुमारे ६९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून दिवसभर राबणारी स्त्री लवकर थकते, धापा टाकते. पुष्कळदा त्यामागे अंगातील लोहाची उणीव असते.

मासळीत काय सापडते?

लहान मासळीच्या पोषणमूल्यांचा सर्वांत कसून अभ्यास बांगला देशात झाला आहे. तेथील हवामान, धानाची शेती व माशांच्या जाती पूर्व विदर्भाशी पुष्कळ मिळत्याजुळत्या असल्याने ते आकडे येथेही मार्गदर्शक ठरतात. या कामात त्रिनिदाद येथे जन्मलेल्या व भारतीय वंशाच्या आहारशास्त्रज्ञ शकुंतला हरकसिंग थिल्स्टेड यांचा वाटा मोठा आहे. त्यांना २०२१ साली जागतिक अन्न पारितोषिक देऊन गौरविण्यात आले.

तेथील पृथक्करणात काट्यांसह तपासलेल्या टेंगऱ्याच्या १०० ग्रॅम ताज्या मासळीत १,००० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, सुमारे ४ मिलिग्रॅम लोह व सुमारे ३ मिलिग्रॅम जस्त आढळले. रोहूच्या तेवढ्याच खाण्याजोग्या भागात कॅल्शियम ५० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि लोह व जस्त प्रत्येकी १ मिलिग्रॅमच्या आसपास भरले. गाईच्या किंवा म्हशीच्या १०० ग्रॅम दुधात कॅल्शियम सुमारे १२० मिलिग्रॅम असते. म्हणजे ५० ग्रॅम लहान शिंगटी काट्यांसह खाल्ली तर सुमारे ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जाते. तेवढे दुधातून मिळवावयाचे तर ४०० ग्रॅमहून अधिक दूध प्यावे लागेल. ज्या घरी दुभते जनावर नाही, किंवा असलेले दूध डेअरीत जाते, त्या घराला या तुलनेचे महत्त्व सांगावयास नको.

शरीराला पचेल असे कॅल्शियम काट्यात असते काय, अशी शंका कोणालाही येईल. डेन्मार्कमध्ये या प्रश्नाचा प्रत्यक्ष माणसांवर प्रयोग करून शोध घेण्यात आला, व १९९८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मऊ काट्यांच्या लहान मासळीतील कॅल्शियम शरीरात जवळजवळ दुधातील कॅल्शियमइतक्याच प्रमाणात शोषले जाते, असे त्यातून दिसून आले.

मात्र या आकड्यांचा अर्थ लावताना एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. हा लाभ मासा काट्यांसह चावून खाल्ला तरच मिळतो. त्याच शिंगटीचे डोके कापून टाकले, मांस तेवढे खाल्ले आणि काटे ताटाच्या कडेला ठेवले, तर कॅल्शियमच्या बाबतीत ती रोहूच्या तुकड्याहून फारशी वेगळी राहत नाही.

शिंगी व मागूर यांविषयी समज

आजारातून उठलेल्या माणसाला व बाळंतिणीला शिंगी किंवा मागुराचे कालवण द्यावे, त्याने रक्त वाढते, असा समज बंगालपासून विदर्भापर्यंत आढळतो. त्यात तथ्य आहे, पण ते मर्यादित आहे. या माशांचे मांस पचावयास हलके असून त्यात उत्तम प्रतीची प्रथिने व ब-१२ हे जीवनसत्त्व असते. आजाऱ्याला व अशक्त माणसाला ते निश्चितच हितकर आहे. परंतु वर सांगितलेल्या पृथक्करणात शिंगीच्या १०० ग्रॅममध्ये लोह सुमारे २ मिलिग्रॅम, तर मागुरात सुमारे १ मिलिग्रॅमच भरले. हे मासे शिंगटीहून मोठे असल्याने त्यांचे काटे सहसा खाल्ले जात नाहीत. त्यामुळे कॅल्शियमही त्यांतून थोडेच मिळते.

म्हणून रक्तक्षय झालेल्या स्त्रीने केवळ मासळीवर विसंबून राहू नये. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या तिने नियमाने घ्याव्यात. मासळी गोळीची जागा घेऊ शकत नाही, पण गोळी व जेवण या दोहोंना ती हातभार लावते. ज्वारी, तांदूळ व डाळी यांतील लोह शरीरात फार थोडे शोषले जाते. त्याच जेवणात थोडी मासळी असली, तर धान्यातील लोह शोषून घेण्याची शक्ती वाढते. वर लिंबू पिळले तर त्यातील क जीवनसत्त्वाने हा गुण आणखी वाढतो. जेवणानंतर लगेच चहा घेतल्याने मात्र लोह वाया जाते. चहा तासा-दोन तासांनी घ्यावा.

आणखी एक खुलासा येथे केला पाहिजे. मोला नावाच्या लहान माशात अ जीवनसत्त्व विपुल असते. त्यावरून सर्वच लहान मासळीत ते तितके असेल असे मानू नये. शिंगटी ही मुख्यतः खनिजांसाठी खावी. अ जीवनसत्त्वासाठी हिरव्या पालेभाज्या, शेवग्याचा पाला व पिकलेली पपई यांचाच आधार घ्यावा.

स्वच्छ करणे व शिजविणे

या माशांना खवले नसतात, पण अंग बुळबुळीत असते. राख किंवा जाडे मीठ चोळून धुतल्याने बुळबुळीतपणा जातो. पाठीवरचा एक व गळ्याजवळचे दोन असे तीन कठीण काटे मुळाशी मोडून काढावेत. ते चावले जात नाहीत आणि घशात अडकण्याचे भय असते. कल्ले व आतडी काढून मासा दोनतीन पाण्यांनी धुवावा. लहान शिंगटीचे डोके मात्र कापू नये.

शिंगीला हात लावताना विशेष जपावे. तिचा काटा लागला तर तीव्र वेदना होतात. अशा वेळी हात किंवा पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवल्यास वेदना कमी होतात. काट्याचा तुकडा आत राहिला असेल किंवा सूज वाढत असेल तर दवाखाना गाठावा.

चिंच किंवा कैरी घालून मंद आचेवर अधिक वेळ शिजविल्यास बारीक काटे मऊ होतात व चावून खाता येतात. कुरकुरीत भाजलेली शिंगटीही काट्यांसह खाता येते. काही घरांत काटे व डोकी उकळून नुसता रस्सा आजाऱ्याला देतात. रस्सा चवीला चांगला लागत असला तरी त्यात कॅल्शियम फार थोडे उतरते. ते काट्यातच राहते.

मुलांसाठी भुकटी

लहान मुलांना काटे देणे धोक्याचे असते. त्यांच्यासाठी सुकविलेल्या मासळीची भुकटी हा सोयीचा मार्ग आहे. उन्हाळ्यात तलाव आटतात तेव्हा लहान मासळी एकदम पुष्कळ निघते व मातीमोल भावाने जाते. हीच वेळ सुकविण्यास योग्य. कठीण काटे व आतडी काढून, मासळी स्वच्छ धुऊन, मीठ न लावता जमिनीपासून उंच बांधलेल्या जाळीवर कडक उन्हात वाळवावी. माशा बसू नयेत म्हणून वर पातळ कापड किंवा मच्छरदाणीचे कापड घालावे. जमिनीवर पसरून वाळविलेल्या मासळीत माती व जंतू मिसळतात. ती मुलांना देऊ नये.

मासळी खडखडीत वाळली म्हणजे तव्यावर मंद भाजावी, पाट्यावर किंवा खलबत्त्यात बारीक कुटावी आणि वस्त्रगाळ करावी. भुकटी कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी व वास किंवा बुरशी आल्यास टाकून द्यावी. वाळल्यावर मासळीतील पाणी निघून जाते, त्यामुळे तेवढ्याच वजनात खनिजे तिपटी-चौपटीने वाढतात. चहाचा एक चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम भुकटी दीडशे ते दोनशे मिलिग्रॅम कॅल्शियम देऊ शकते. एक ते तीन वर्षांच्या मुलाची रोजची गरज ५०० मिलिग्रॅम आहे, हे लक्षात घेता हा वाटा लहान नाही. सहा महिन्यांनंतर बाळाला वरचे अन्न सुरू झाले म्हणजे मऊ भातात किंवा खिमटात ही भुकटी मिसळता येते. प्रथम चिमूटभरच द्यावी, अंगावर पुरळ किंवा उलटी होत नाही असे पाहावे, मग प्रमाण वाढवावे.

ज्या कुटुंबांत मासळी खात नाहीत, त्यांनी कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ, दूध व दही यांवर भर द्यावा.

कोणत्या पाण्यातील मासळी टाळावी?

शिंगटी, शिंगी व मागूर हे तळाशी राहणारे मासे आहेत. चिखलातील किडे, अळ्या व कुजके पदार्थ हे त्यांचे अन्न. चांगल्या तलावात यात काही वावगे नाही. परंतु कारखान्यांचे सांडपाणी, शहराची गटारे किंवा खाणींचे पाणी ज्या नाल्यात उतरते, तेथील चिखलात शिसे व कॅडमियम यांसारखे विषारी धातू साचलेले असतात. ते माशाच्या शरीरात उतरतात आणि शिजविल्याने नाहीसे होत नाहीत. अशा पाण्यातील मासळी खाऊ नये. धानावर कीटकनाशक फवारल्यानंतर बांधीत उलटे तरंगणारे मासे फुकट मिळाले तरी घरी आणू नयेत.

तळे तयार करताना

मोठ्या माशांचे बीज सोडण्यापूर्वी तळ्यातील सर्व जुने मासे नष्ट करावेत, अशी शिफारस मत्स्यशेतीत दीर्घकाळ केली जात आहे. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन कार्प जातीच्या माशांचे प्रजनन घडवून आणले, आणि त्यानंतर रोहू-कटला यांची शेती देशभर पसरली. तिच्याबरोबर लहान माशांना ‘तण मासे’ हे नाव मिळाले. एक हेक्टर व एक मीटर खोल पाण्यास सुमारे २,५०० किलो मोहाची पेंड टाकून तळे साफ करण्याची पद्धत आहे. पेंडीतील सॅपोनिनमुळे मासे मरतात व पुढे तीच पेंड खताचे काम करते.

बीज अगदी बारीक असेल, तर शिवडा, मरळ यांसारख्या भक्षक माशांपासून त्याचे रक्षण करणे आवश्यक आहे. पण म्हणून लहान मासळी वाया घालविण्याचे कारण नाही. पेंड टाकण्यापूर्वी ओढजाळे दोनतीनदा फिरवून सापडेल तेवढी लहान मासळी जिवंत काढून घ्यावी आणि खावी, वाळवावी किंवा विकावी. मोहाच्या पेंडीने मेलेली ताजी मासळीही खाण्यास चालते. इतर विष वापरले असल्यास मात्र ती मुळीच खाऊ नये. सामुदायिक तलावात बोटाहून मोठे झालेले बीज सोडले, तर लहान शिंगटीपासून त्याला फारसा धोका राहत नाही आणि तलाव विषाने धुऊन काढण्याची गरजही कमी होते.

पावसाळ्याच्या आरंभी ही मासळी अंडी घालण्यासाठी तलावातून बांध्यांकडे व उथळ पाण्याकडे धावते. त्या वेळी चढणीचे मासे पकडणे सोपे असते, परंतु एक अंडीवाली मादी मारली म्हणजे पुढच्या हंगामाची सारी पिल्ले बुडाली. मच्छीमार सहकारी संस्था व ग्रामसभा यांनी मिळून या काळात काही आठवडे काही वाटा मोकळ्या ठेवण्याचा नियम करावा.

देशी मागुराच्या नावाने थाई मागूर विकला जातो, त्यापासून सावध राहावे. तो मूळचा आफ्रिकेतील असून काही किलो वजनाचा होतो व तळ्यातील इतर मासे फस्त करतो. भारतात त्याच्या पालनावर व विक्रीवर २००० सालापासून बंदी आहे. बीज विकत घेताना ते शासकीय किंवा खात्रीच्या केंद्रातूनच घ्यावे.

कार्यकर्त्यांचे काम

या बाबतीत गावपातळीवरील कार्यकर्त्यांना नवी योजना किंवा मोठा खर्च यांची गरज नाही. अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्त्या यांनी मातांच्या बैठकीत काट्यांसह शिजविलेली शिंगटी व भुकटी करण्याची रीत प्रत्यक्ष करून दाखवावी. घरात मासळी आली म्हणजे मोठे तुकडे पुरुषांच्या ताटात व उरलेला रस्सा स्त्रियांच्या वाट्याला, ही रीत पुष्कळ ठिकाणी आहे. गरोदर स्त्री, अंगावर पाजणारी माता आणि लहान मूल यांना प्रथम वाढावे, ही गोष्ट घरातील सासूबाई व कर्ते पुरुष यांच्या कानी घालणे तितकेच आवश्यक आहे. कृषी व मत्स्यव्यवसाय विभागांच्या कर्मचाऱ्यांनी तळ्याच्या उत्पन्नाची नोंद घेताना विक्रीच्या मोठ्या माशांबरोबर घरी खाल्लेल्या लहान मासळीचीही नोंद ठेवावी. ज्याची नोंद होत नाही ते कोणाच्या ध्यानातही राहत नाही.

आठवड्यातून दोनतीन वेळा, माणशी मूठभर लहान शिंगटी काट्यांसह खाल्ली तर कुटुंबाच्या आहारातील कॅल्शियमची मोठी तूट भरून निघेल आणि लोह व जस्त यांचीही भर पडेल. ही मासळी गावाच्याच पाण्यात वाढते. तिला खाद्य घालावे लागत नाही, बीज विकत आणावे लागत नाही. तलावाचे पाणी स्वच्छ ठेवणे, विणीच्या काळात तिला मोकळी वाट देणे आणि ताटात आल्यावर तिचे काटे वाया न घालविणे, एवढी काळजी गावाने घेतली म्हणजे पुरे.